आठवणीचा हक्क कुणाचा?

मराठी कवितेत हरवलेल्या प्रेयसीचा दुष्काळ कधीच नव्हता. १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन पिढ्यांनी विरहाचे भरघोस पीक काढले. माधव जूलियनांच्या खंडकाव्याचे नावच 'विरहतरंग' आहे. आमच्या परभणीचे कवी बी. रघुनाथ यांच्या १९४१ सालच्या संग्रहाचे नाव 'आलाप आणि विलाप'. म्हणजे वियोगाचे शब्द या जिल्ह्याला परके नाहीत. परंतु या साऱ्या कवितेत ती हरवते कशी, हे एकदा नीट पाहावे. तिचे दुसरीकडे लग्न होते. ती आजारात जाते. ती दूरच्या गावी निघून जाते. नाही तर कवीच भित्रा असतो, तो बोलत नाही, आणि पुढे चाळिशीत खिडकीशी बसून पाऊस पाहतो. नियती, दैव, काळ हे तिथले आरोपी. त्यांच्यावर कुठल्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येत नाही. तिला तिच्या बापाने आणि चुलत्याने मारून जाळले, असे या कवितेत घडल्याचे मी तरी वाचलेले नाही.

परभणी जिल्ह्यात ते घडले आहे. २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात पालम तालुक्यातील एका गावी एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिचे प्रेम वेगळ्या जातीच्या मुलावर होते, म्हणून जन्मदात्यांनीच तिला मारले आणि परस्पर चिता पेटवून पुरावा नाहीसा केला, असा गुन्हा पोलिसांनी नोंदवला. आई-बापांसह नात्यातल्या माणसांवर तो नोंदवला गेला. बातमी चार दिवस चालली. त्या बातमीत मुलगी होती, बाप होता, पोलीस होते, तालुका होता. आणि 'दुसऱ्या जातीचा मुलगा' एवढ्या तीन शब्दांत मावलेला तो होता.

या लेखाचा प्रश्न त्या तीन शब्दांविषयी आहे. चितेला अग्नी देणारे हात ज्यांचे, त्यांच्यावरच गुन्हा. मग शोक कुणी करायचा? ज्याला शोक झाला आहे त्याला त्या चितेजवळ जागा नव्हती. तेराव्याला नव्हती, गावाच्या चावडीवर नव्हती. ती त्याची बायको नव्हती, म्हणून तो विधुर नाही. ती त्याची नातलग नव्हती, म्हणून त्याला सुतक नाही. कोवळ्या वयात ज्याचे माणूस असे हिसकावून मारले जाते, त्याच्या आठवणीला मराठी समाजात नाव नाही आणि मराठी साहित्यात प्रकार नाही. हे असे का, आणि त्याबद्दल दलित साहित्याने काय करायचे, याचा विचार मला येथे करायचा आहे.

नावाचीच गोष्ट घेऊ. आपल्याकडे बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे तर त्यासाठी उखाणा आहे. नाव घेण्याची लाज आणि नाव घेण्याचा हक्क, दोन्ही एकाच ओळीत बांधून दिलेले आहेत. जात्यावरच्या ओवीत भाऊ येतो, माय येते, पंढरीचा विठ्ठल येतो, आणि आमच्या वस्त्यांतल्या जात्यांवर भीमराया येतो. परभणी जिल्ह्यातल्या बायांच्या अशा ओव्या संशोधकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. परंतु ज्याच्याशी लग्न लागले नाही, ज्याच्याशी ते लागू दिले नाही, त्याचे नाव घेण्याची सोय उखाण्यात नाही आणि ओवीतही सहसा नाही. गंगाखेडच्या जनाबाईने कुठल्याही नात्याचा दाखला न देता विठ्ठलाला आपला म्हटले, दळताना-कांडताना त्याला सोबतीला बसवले. देवाच्या बाबतीत हे चालले. माणसाच्या बाबतीत नात्याचा दाखला मागितला जातो, आणि तो दाखला देण्याचा अधिकार जातीकडे आहे.

येथे बाबासाहेबांच्या पहिल्या मोठ्या निबंधाकडे जावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचे सार सजातीय विवाहात आहे, बाकी सारे त्याच्या रक्षणासाठी उभारलेले आहे, असा त्यांचा सिद्धांत. जात बंद ठेवायची तर तिच्यातील स्त्री-पुरुषांची संख्या तोलून धरावी लागते. नवरा मेला की बायको 'जादा' होते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून तिला सरणावर चढवायचे, नाही तर जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेली की पुरुष जादा होतो. त्याला मात्र जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. म्हणून त्याला अल्पवयीन मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा उगम बाबासाहेबांनी असा दाखवला. या रूढींची स्तोत्रे पुष्कळ गायली गेली, पण त्या मुळात का आल्या याचे शास्त्रीय उत्तर कुणी दिले नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

या सिद्धांताला मी एक पुढची पायरी जोडू इच्छितो. सतीला आणि विधवेला जातीने काय सांगितले? आठव. मरेपर्यंत त्यालाच आठव. तुझे कपाळ, तुझे हात, तुझे केस, तुझे जेवण या सगळ्यांनी त्याची आठवण धर. आणि जातीबाहेरच्या प्रियकराचा खून झाल्यावर मागे राहिलेल्या मुलीला जात काय सांगते? विसर. आठ दिवसांत विसर. मामाच्या गावाला जा, मोबाईल दे, शाळा सोड, दाखव तिथे मान खाली घालून उभी राहा. आमच्या जिल्ह्यात अशा मुलीचे लग्न तिथीही न पाहता उरकतात. आठवणीची सक्ती आणि विसरण्याची सक्ती या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात, परंतु त्यांचा कारखाना एकच आहे. आठवण ही मनातली खाजगी चीज आहे हा पांढरपेशा समज येथे कोसळतो. कुणी कुणाला किती दिवस आठवायचे, याचा हुकूम या देशात जात काढत आली आहे.

कायदाही या बाबतीत जातीपेक्षा फार पुढे गेलेला नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. त्या दुरुस्तीने 'पीडित' या शब्दाची व्याख्या केली. पीडित म्हणजे ज्याच्यावर अत्याचार झाला तो अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, आणि त्याचे नातेवाईक, कायदेशीर पालक, वारस. ही दुरुस्ती आमच्या चळवळीची कमाई आहे, तिचे मोल मी कमी करीत नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याची आई न्यायालयात उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात ढवळाढवळ करण्यास नकार दिला. आईला उभे राहण्यासाठी कायद्यात जागा होती, म्हणून हे झाले. परंतु एखाद्या दलित मुलाचा खून प्रेमामुळे झाला आणि त्याची प्रेयसी सवर्ण घरातली असली, तर या व्याख्येत ती बसत नाही. ती पीडित नव्हे. फार तर साक्षीदार. तिची आठवण कायद्याच्या लेखी शोक नाही, पुरावा आहे. आणि पुरावा नाहीसा करायचा असतो.

२८ एप्रिल २०१४ हा दिवस आठवावा. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यात खर्डा गावी नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मारले गेले. सवर्ण घरातील मुलीशी तो बोलताना दिसला, हे कारण सांगितले गेले. महाराष्ट्र हळहळला, मोर्चे निघाले, मंत्री गावाला जाऊन आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. फितूर होणे म्हणजे काय? जे पाहिले ते 'मला आठवत नाही' म्हणणे. एका पोराला ज्यांच्या डोळ्यांदेखत मारले, त्यांनी साडेतीन वर्षांत विसरून दाखवले. विसरणे ही दुबळी गोष्ट नाही. ती गावाने एकजुटीने केलेली कृती असते, आणि तिच्यामागे जमीन, पतपेढी, मजुरी, लग्नसंबंध असे सगळे बळ उभे असते.

आता मी आपल्याच घराकडे वळतो. कारण समीक्षा दुसऱ्याच्या अंगणात दगड टाकून संपत नाही.

दलित साहित्याच्या विद्रोहाशी परभणी जिल्ह्याचे जुने नाते आहे. १९७२ साली या जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित बाईच्या अपमानाला किती, हा प्रश्न त्यांनी ज्या भाषेत विचारला, ती भाषा पचवायला महाराष्ट्राला पुष्कळ दिवस लागले. मग नामांतर आले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले. त्यांचे नाव गाण्यांत गेले, जलशांत गेले, आज नातवंडांना ते पाठ आहे. शहिदाची आठवण कशी ठेवायची हे आमच्या साहित्याला उत्तम येते. आईची आठवण येते. माय हा तर आमच्या कवितेचा गाभा. बापाची, वस्तीची, भुकेची, शाळेबाहेर बसल्याची आठवण आमच्या आत्मकथनांनी अशी लिहिली की मराठी गद्याला नव्याने श्वास घ्यावा लागला.

परंतु मारल्या गेलेल्या प्रियकराची किंवा प्रेयसीची आठवण? येथे आमची लेखणी अडखळते. आत्मकथनांत कोवळ्या वयातल्या ओढीचे उल्लेख आहेत, ते मी विसरत नाही. पण जिथे त्या ओढीचा शेवट खुनात झाला तिथे आम्ही चटकन ओढ खोडून टाकतो आणि खून तेवढा ठेवतो. पोरगा एका रात्रीत 'समाजाचा बळी' होतो. त्याचे वय, त्याची ऐपत नसताना घेतलेला अत्तराचा फाया, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खोडलेले अक्षर, हे सगळे आम्हांला अडचणीचे वाटते.

ही अडचण कुठून आली, याचे कारण आहे आणि ते खोटे नाही. आमच्या माणसाला मारले की पहिली कुजबुज चारित्र्याचीच होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली, तेव्हा तिथेही अनैतिक संबंधांची अफवा पसरवून जातीचा गुन्हा झाकण्याचा प्रयत्न झाला. 'लफडे होते' हा शब्द उच्चारला की मारणारा निम्मा सुटतो. म्हणून आमच्या लेखक-कार्यकर्त्यांनी स्वसंरक्षणाची एक भाषा तयार केली. तो तिच्याशी फक्त बोलत होता. त्याचे काहीही नव्हते. तो अभ्यासात हुशार होता, आईला मदत करीत होता. ही वाक्ये मी पत्रकांत वाचली आहेत, शोकसभांत ऐकली आहेत. बोलणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण त्यातल्या 'फक्त' या शब्दापाशी थांबा. फक्त बोलत होता, म्हणून मारणे अन्याय. मग बोलण्यापलीकडे काही असते तर? त्याने तिच्यावर प्रेम केले असते, तिने त्याच्यावर केले असते, तर ते मारणे थोडे तरी समजण्यासारखे झाले असते का? 'फक्त' म्हणताना प्रेम हा गुन्हा आहे हे मारणाऱ्याचे म्हणणे आपण नकळत कबूल करतो आणि आमच्या पोराने तो केला नाही एवढेच सांगतो. ज्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा इलाज सांगितला, त्यांच्या अनुयायांनी आपल्या मुलाच्या प्रेमाची लाज बाळगावी काय?

खून जातीच्या रक्षणासाठी होतो, पण तो पडतो प्रेमावर. आठवणीतून प्रेम वगळले आणि अत्याचार तेवढा ठेवला, तर मारणाऱ्याला जे पुसायचे होते ते आपणच पुसून दिले असे होते. माझे म्हणणे एवढेच आहे, बाकी सारे त्याचा विस्तार.

या विषयाला मराठीत हात घातला तो चित्रपटाने. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी पडद्यावर आला आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत खर्ड्याची घटना घडली. जब्या हा कैकाडी पोरगा शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे धावतो, तिची राख मिळाली तर शालू आपली होईल या भाबड्या आशेवर. वयाचा कोवळेपणा आणि जातीचा रखरखीतपणा एका चौकटीत धरण्याचे काम त्या चित्रपटाने केले. जब्या मरत नाही, तो दगड भिरकावतो, आणि तो दगड पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. पुढे २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' आला. शंभर कोटींच्या वर गल्ला जमवणारा तो पहिला मराठी चित्रपट. शेवटचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. माहेरची माणसे भेटीच्या वस्तू घेऊन येतात, आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येऊन रक्तातून चालत बाहेर पडते. आवाज बंद होतो. त्या शांततेचे मोल मी जाणतो.

तरीही माझी एक हरकत आहे. 'सैराट'मध्ये दोघेही मरतात. लैला-मजनूपासून ही चाल चालत आली आहे. दोघे एकत्र मेले की कथा पुरी होते आणि प्रेक्षक रडून मोकळा होतो. लग्नाच्या वरातीत त्याच चित्रपटाच्या गाण्यावर नाचतो, आणि ज्या घराची वरात त्या घरात उद्या पोरीने परजातीचे नाव काढले तर काय होईल हे त्याला विचारावे लागत नाही. वास्तवात मात्र पुष्कळदा एक उरते. उरलेले माणूस हे समाजापुढचे खरे अवघड माणूस आहे. ते जेवते, झोपते, परीक्षेला बसते, एस.टी.त दिसते. त्याची आठवण चालू असते. पडद्यावर मागे राहते ते लेकरू, ज्याला काही आठवणार नाही. आठवू शकणारा कुणीही त्या कथेने जिवंत ठेवलेला नाही. ही त्या कलावंताची कसूर म्हणून मी सांगत नाही, एका थोर कलाकृतीनेही जिथे हात टेकले ती जागा दाखवतो.

ती जागा २७ नोव्हेंबर २०२५ रोजी शेजारच्या नांदेड शहरात उघडी पडली. सक्षम ताटे या वीस वर्षांच्या बौद्ध तरुणाचा खून झाला. आरोप प्रेयसीच्या वडिलांवर आणि भावांवर आहे, खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आपल्या लेखाला प्रस्तुत आहे ते त्यानंतरचे. ती मुलगी त्याच्या घरी आली. तिने मृतदेहाला हळद लावली, आपल्या कपाळी कुंकू लावले, त्याच्याशी लग्न लावून घेतले आणि मी याच घरात सून म्हणून राहीन असे सांगितले. तिचे नाव वृत्तपत्रांत आले आहे, मी ते येथे लिहीत नाही. विशीतल्या पोरीला पुढचे आयुष्य आहे आणि ते तिचे आहे.

देशभर ते दृश्य पाहिले गेले. अमर प्रेम, असे लोक म्हणाले. या शब्दाची मला भीती वाटते. पण त्या मुलीच्या कृतीला नावे ठेवणाऱ्यांतलाही मी नाही. तिने काय केले ते जातीच्या व्याकरणात वाचून पाहा. घरच्यांनी खून करून तिला सांगितले होते, विसर. तिला आठवणीचा हक्क हवा होता. तो प्रेयसीला मिळत नाही, विधवेला मिळतो. म्हणून तिने उभ्या जागी विधवा होणे पत्करले. ज्या कुंकवाने हजारो वर्षे बायकांना बांधले, तेच तिने हक्काचा दस्तऐवज म्हणून वापरले. बापाच्या जातीला हा तिचा नकार होता, आणि तो तिने सर्वांसमक्ष दिला. इतके धैर्य मी फार थोड्या कवितांत पाहिले आहे.

आणि तरीही आपल्याला विचारले पाहिजे, की एका मुलीला आपल्या माणसाला आठवण्यासाठी प्रेताशी लग्न का लावावे लागले? समाजाने तिला दुसरा कोणता कागद, कोणती ओळ, कोणते नाते दिले होते? आणि उद्या पाच वर्षांनी तिला पुन्हा कुणी आवडले, तर आज टाळ्या वाजवणारे हात काय करतील? १९१६ सालचा निबंध ज्याने वाचला आहे त्याला सतीच्या जयजयकाराचा आवाज ओळखू येतो. तो बौद्ध वस्तीतून आला तरी ओळखू आला पाहिजे.

तमिळनाडूतले एक उदाहरण येथे उपयोगी पडते. १३ मार्च २०१६ रोजी उडुमलपेट येथे शंकर या दलित अभियांत्रिकी विद्यार्थ्याला भर रस्त्यात तोडले. कौसल्या, त्याची पत्नी, तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची, स्वतः जखमी झाली. दोघांनी लग्न केले होते, म्हणून तिच्या आठवणीला कायद्यात पाय ठेवायला जागा होती. ती आपल्या आई-बापांविरुद्ध साक्षीला उभी राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाने तिच्या बापासह सहा जणांना फाशी सुनावली. जून २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बापाला निर्दोष सोडले. कौसल्या जातीविरोधी चळवळीत उतरली. आणि २०१८ च्या अखेरीस तिने दुसरे लग्न केले. काहींना ते रुचले नाही. शंकरला विसरली, असे म्हणणारे निघाले. पण तिने शंकरचे नाव सोडले नाही आणि आपले आयुष्यही सोडले नाही. आठवायचे म्हणजे स्वतःला पुरून घ्यायचे असे नाही, आणि जगायचे म्हणजे विसरायचे असेही नाही. या दोन सक्तींच्या मधली वाट तिने चालून दाखवली. आपल्या साहित्याला ही वाट अजून लिहायची आहे.

मग लिहायचे कसे? आपल्याकडे याचा नमुना नाही असे मानण्याचे कारण नाही. २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग घेऊन गावोगाव फिरे. शारजा नावाच्या महार मुलीवर त्याचे प्रेम बसले. ती गरोदर राहिली. गावाने दोघांना पकडले, मारत रस्त्याने फिरवले, जीव घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांना सोडवले. गावाने त्यांना हद्दपार केले, आणि बाईंनी त्या दोघांना जोतीरावांकडे पाठवले. ही हकिगत त्या पत्रात आहे.

हे पत्र समाजसुधारणेचा पुरावा म्हणून नेहमी दाखवले जाते. मी ते वाङ्मय म्हणून वाचतो. त्यात दोघांनाही नाव आहे. मुलगी महार म्हणून निनावी नाही आणि मुलगा ब्राह्मण म्हणून खलनायक नाही. तिच्या गरोदरपणावर पांघरूण नाही. 'फक्त बोलत होते' असे त्या म्हणत नाहीत. प्रेम झाले, हे त्या सांगतात, आणि म्हणून यांना मारता येणार नाही, हेही सांगतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईने चार ओळींत जे साधले, ते आमच्या शोकसभांच्या भाषणांना साधत नाही. गणेश आणि शारजा वाचले म्हणून ते पत्र लिहिले गेले. जे वाचले नाहीत त्यांच्याविषयी त्याच धिटाईने लिहिणे हे आता आपल्याकडे आलेले काम आहे.

यासाठी माझ्या काही अपेक्षा आहेत आणि त्या मी तरुण लेखकांपुढे ठेवतो. पहिली अशी की मारल्या गेलेल्या पोराला किंवा पोरीला आधी त्यांचे वय परत द्या. सोळा-सतरा-एकोणीस वर्षांचे माणूस कसे हसते, कसे खोटे बोलून घरातून निघते, कशावरून रुसते, हे लिहा. त्याने विद्रोह बोथट होत नाही. हुतात्म्याचा चबुतरा बांधला की त्याखाली पोरगे गाडले जाते.

दुसरी अपेक्षा प्रतिमांविषयी. चंद्र, पाऊस, प्राजक्त या प्रस्थापित विरहाच्या सामानावर आपला विषय लादू नका. ज्या आठवणीच्या पोटात पंचनामा आहे तिची भाषा पंचनाम्याला ओळखणारी हवी. तारीख, गाव, शाळेची घंटा, एस.टी.चा थांबा, कापसाचे वावर, ठाण्यातली वाट पाहणे, हे तिचे सामान. पण नुसता पंचनामाही नको. पंचनाम्यात ती कुणाकडे पाहून हसली होती हे नसते.

तिसरी अपेक्षा अधिक अवघड. उरलेल्या माणसाला बोलू द्या, मात्र त्याला उघडे पाडू नका. पालमच्या त्या मुलाचे नाव-गाव शोधून त्याच्यावर कविता करणे हे साहित्य नव्हे. तो त्याच तालुक्यात राहतो, त्याला त्याच बाजारात जायचे आहे. कथा आणि कादंबरी यांची सोय यासाठीच आहे. नाव बदला, नदी बदला, सत्य ठेवा. आणि ती सवर्ण मुलगी, जिचे लग्न उरकून टाकले, तिच्या मनाचा शोध घेण्याचे धाडस दलित लेखकाने करावे. ती शत्रूच्या घरातली म्हणून तिला सोडून देऊ नका. त्या घरात आपल्या माणसाची आठवण जिवंत असलेली ती एकटी असेल.

शेवटची अपेक्षा समीक्षकांकडून, म्हणजे माझ्याकडूनही. अशी कविता नियतकालिकाकडे आली की ती 'वैयक्तिक आहे, सामाजिक आशय कमी' असा शेरा मारून परत पाठवण्याची रीत बंद झाली पाहिजे. सजातीय विवाहावर जात उभी आहे, हे एकदा मान्य केले, की एका पोराने परजातीच्या पोरीला आठवणे ही या देशातली सामाजिक घटना ठरते. जातीने त्याला विसरायला सांगितले आहे आणि तो विसरत नाही. याहून मोठा नकार कोणता?

कायदा उद्या बदलेल. पीडिताची व्याख्या रुंद होईल, त्यासाठी झगडावेच लागेल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी आदेश दिले आहेत, ते जिल्ह्याजिल्ह्यांत अमलात यावेत म्हणून दबाव आणावा लागेल. पण कुणाला आपले म्हणायचे याची परवानगी न्यायालय देत नाही. ती माणसे घेतात आणि भाषा त्यांना शब्द देते. ज्याला सुतक नाही त्याच्या शोकाला मराठीत शब्द नाही. तो आपल्याला घडवायचा आहे.